उत्तर ठाऊक असलेली बाई

आपण केलेली कविता आपल्याला पुन्हा वाचता येते, बसवलेली चाल गुणगुणता येते, विणलेला स्वेटर कुणाला नकोच असला तर स्वतः घालता येतो. आपण रचलेलं कोडं मात्र आपल्याला सोडवता येत नाही. ते जमून आलं त्या क्षणी आपल्यापुरतं संपलेलंच असतं. ते डोकं खाजवणं, ‘थांबा, सांगू नका’ म्हणत हात वर करणं, रात्री दिवा मालवल्यावर एकदम उठून बसणं, हे सगळं सुख दुसऱ्यांच्या वाट्याला. आपल्या वाट्याला फक्त उत्तर. आणि उत्तर हा कोड्यातला सगळ्यात नीरस भाग. एवढा खटाटोप करून हाती काय लागतं, तर कुलूप, नाही तर भेंडी.

लपाछपीत लपलेल्या पोराला सापडण्याची भीती असते, असं आपण उगीच समजतो. त्याची खरी भीती वेगळीच. ज्याच्यावर राज्य आहे त्याला आईने हाक मारली, तो निवांत वरणभात जेवायला बसला, आणि आपण जिन्याखालच्या अंधारात जुन्या चपलांच्या वासात श्वास रोखून बसलोय, अशी ती भीती असते. म्हणून थोडा वेळ गेला की ते पोर मुद्दाम खोकतं. कोड्याची दुसरी ओळ म्हणजे हा खोकला. पहिल्या ओळीत आपण लपतो, दुसरीत हळूच ‘इकडे, इकडे’ म्हणतो. फार मोठ्याने खोकलं तर खेळ संपतो. अजिबात खोकलं नाही तर दिवेलागणीपर्यंत कुणी फिरकत नाही. किती खोकायचं, यातच सगळी विद्या आहे.

या विद्येचे मूळ पुरुष म्हणजे व्यास. महाभारत लिहून घ्यायला त्यांनी गणपतीला बोलावलं, तर त्याने अट घातली की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ कळल्याशिवाय एकही अक्षर उतरवायचं नाही. मग श्वास घ्यायला, पुढचं सुचायला सवड हवी झाली की व्यास एखादा कूटश्लोक टाकत. गणपती सोंड कुरवाळत विचारात पडे, तेवढ्यात व्यासांचं पुढचं जुळवून होई. असे श्लोक आठ हजार आठशे आहेत म्हणतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने मात्र ही कथा मूळ संहितेबाहेर काढून परिशिष्टात नेऊन बसवली. विद्वानांचं बरोबरच असणार. हस्तलिखितं ताडून बघणाऱ्यांशी आपण काय वाद घालणार! पण मला ही कथा परिशिष्टातही तितकीच खरी वाटते. सुचेनासं झालेल्या लेखकाने वेळ काढण्यासाठी समोरच्याला कोडं घालावं, यापेक्षा विश्वासार्ह तपशील महाभारतात थोडे असतील. आमच्याकडे पाहुणे आले आणि पोहे अजून भिजायचे असले, की मीही तेच करते.

कोडं रचायचं म्हणजे काय करायचं, असं मला कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही. पण कसं दिसतं ते सांगता येईल. एक प्रौढ बाई भर दुपारी एखाद्या वस्तूकडे टक लावून बसलेली दिसते. घरच्यांना वाटतं, हिला झोप आलीय किंवा वस्तू बिघडलीय. प्रत्यक्षात ती बाई त्या वस्तूची ओळख विसरायचा प्रयत्न करत असते. ही किसणी आहे, हे आपल्याला माहीत नाही असं धरून चालायचं. मग हळूहळू किसणी परकी व्हायला लागते. अंगभर उलटी काटेरी तोंडं उघडून बसलेलं हे कोण जनावर, असा प्रश्न पडतो. पण एकदा का एखाद्या वस्तूवर कोडं झालं, की ती पुन्हा पहिल्यासारखी साधी राहत नाही. आमच्या स्वयंपाकघरात आता फारच थोड्या निरुपद्रवी वस्तू उरल्या आहेत. झाऱ्याकडे मी अजून जाणूनबुजून लक्ष दिलेलं नाही. तळणीच्या वेळी तरी मन शांत असावं. ऋग्वेदातल्या दीर्घतमस ऋषींनी अख्ख्या वर्षाचं एक चाक केलं आणि त्याला बारा आरे घातले. माझी झेप किसणीपासून निघते आणि फार तर लिफ्टपर्यंत जाते.

लिफ्टचं कोडं मी आमच्या सोसायटीच्या फळ्यावर लिहिलं होतं. आम्ही डोंबिवलीत राहतो. तळमजल्यावर जिन्याशेजारी हा फळा आहे, आणि त्यावर ‘उद्या पाणी कमी दाबाने येईल’ यापलीकडे साहित्य येत नसे. सेक्रेटरींची परवानगी काढून मी त्याचा उजवा कोपरा मागून घेतला. तिथे लिहिलं:

उभ्या उभ्या करतो वारी, पंढरी काही येत नाही;
माणसं गिळतो, माणसं ओकतो, ढेकर कधी देत नाही.

लिफ्ट त्या फळ्यापासून चार पावलांवर. लोक कोडं वाचत, मान हलवत, लिफ्टचं बटण दाबत, आत शिरत आणि वर जाईपर्यंत विचार करत. उत्तराच्या पोटात उभं राहून उत्तर शोधणारी माणसं बघण्यात जे सुख आहे ते मी शब्दांत सांगू शकत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ मात्र खाली उतरून माझ्याकडे आले आणि ठामपणे म्हणाले, “लोकल.” मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, “का नाही? उभ्या उभ्या वारी म्हणजे काय, आमचा उभा जन्म त्या वारीत गेला. माणसं गिळते, ओकते, सगळं बसतंय.” आणि खरंच बसत होतं. माझ्या लिफ्टपेक्षा त्यांची लोकल त्या दोन ओळींत जास्त ऐसपैस बसत होती. मी आपली कोड्याच्या कर्तेपणाला चिकटून राहिले, तेवढ्यात त्यांच्या पत्नीच मदतीला आल्या. म्हणाल्या, “लोकल नाही हो चालणार. ती दादरला ढेकर देते.” गृहस्थांनी क्षणभर डोळे मिटले, दादर आठवलं, आणि उत्तर मागे घेतलं. त्या बाईंना कोडं मुळीच सुटलं नव्हतं. पण माझ्या ओळीतल्या ‘ढेकर’ या एका शब्दाला इतका न्याय मी स्वतःही दिला नसता.

चुकीची उत्तरं ही कोडं करणाऱ्याची खरी मिळकत. बरोबर उत्तर आलं की आपल्याला आपलंच नाणं परत मिळतं, तेवढंच. चुकीच्या उत्तरात आपण कधी न पाहिलेल्या घराचं दार किलकिलं होतं. नाक्यावरच्या भाजीवाल्याच्या टोपलीपाशी ती बोलकी डबी असते ना, मोबाइलवरून पैसे भरले की ‘अमुक रुपये मिळाले’ असं गर्जून सांगणारी, तिच्यावर मी लिहिलं होतं:

दुकानात बसून बोलतो, पण माल काही विकत नाही;
आले किती ते गावभर सांगतो, गेले किती ते सांगत नाही.

शाळकरी पोरांनी हे जाता-येता सोडवलं; ती या डबीच्या आवाजातच वाढली आहेत. पण पहिल्या मजल्यावरच्या एक काकू बराच वेळ फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि मग हलक्या आवाजात मला विचारलं, “शेअर बाजार करणारा माणूस का?” मी हसत नाही म्हटलं. त्या हसल्या नाहीत. “पानाच्या दुकानात बसून अगदी असंच बोलतात हो,” एवढंच म्हणाल्या. माझ्या दोन ओळींनी डबीवर नेम धरला होता आणि बाण भलत्याच घरात जाऊन पडला होता. तेव्हापासून मी त्या काकूंना कोथिंबिरीच्या वड्या जरा जास्तच देते.

आता कोडं न्याय्य असावं, ही अपेक्षा जगभर आहे आणि जगभर ती मोडलीही जाते. बायबलमधल्या शमशोनाचंच बघा. त्याने मारलेल्या सिंहाच्या सांगाड्यात मधमाश्यांनी पोळं केलं, त्याने तो मध चाटला, आणि स्वतःच्या लग्नात तीस सोबत्यांना त्याचंच कोडं घातलं. मुदत मेजवानीचे सात दिवस, पैज तीस तागाची वस्त्रं आणि तीस पोशाख. जे त्याने एकट्याने पाहिलं ते दुसऱ्या कुणाला कसं ओळखता यावं? शेवटी नवरीने रडून रडून त्याच्याकडून उत्तर काढलं आणि पाहुण्यांना सांगितलं. पुढे फार रक्तपात झाला. मला त्यातली नवरीच शहाणी वाटते. सुटण्यासारखं नसलेलं कोडं सोडवायचा रडण्याइतका सरळ मार्ग दुसरा नाही, हे आमच्या इमारतीतल्या बालवाडीच्या वर्गालाही माहीत आहे.

आपल्याकडे दंडीने ‘काव्यादर्श’ात या सगळ्याची शिस्त लावून ठेवली आहे. प्रहेलिकेचे सोळा प्रकार त्याने सांगितले, आणि जुन्या आचार्यांनी आणखी चौदा सदोष प्रकारही मोजले आहेत, अशी पुस्ती जोडली. पुढे म्हणतो की दोषांना अंत नाही, तेव्हा चांगल्या सोळांबद्दलच बोलू. किती सभ्य मनुष्य! माझी निम्मी कोडी त्या चौदांतच जाऊन बसतील, पण बाराशे वर्षांहून अधिक काळापूर्वी कुणीतरी त्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं याचा मोठा आधार वाटतो. कोडी कशासाठी, हेही त्याने सांगितलं आहे: चारचौघांच्या मैफलीत करमणूक व्हावी म्हणून, गर्दीत जाणकारांना आपसांत गुपित बोलता यावं म्हणून, आणि दुसऱ्याला गोंधळात पाडावं म्हणून. तिसरा उपयोग त्याने इतक्या शांतपणे नोंदवला आहे की त्याच्या घरीही पोहे भिजायचे राहत असावेत.

माझी आजी राजापूरकडची. तिने दंडी वाचला नव्हता, पण दुसरा आणि तिसरा उपयोग तिला उत्तम अवगत होता. ती कोड्याला हुमाण म्हणायची, आणि रात्री वीज गेली की घालायची. तिची काही हुमाणं अशी असत की ऐकताना माजघरातल्या नव्या सुनांनी पदर तोंडाशी न्यावा आणि पुरुषांनी उगाच बाहेर पाऊस किती आहे ते बघायला जावं. ती स्वतः मात्र देवाचं नाव घेतल्यासारख्या चेहऱ्याने बसलेली. कुणी लाजून ‘इश्श’ म्हणालं की उत्तर सांगायची: हातात भरताना दमवणारी बांगडी, किंवा उखळातलं मुसळ. आणि वर विचारायची, “तुला गो काय वाटलं?” इंग्लंडात एक्झेटरच्या कॅथेड्रलमध्ये दहाव्या शतकातलं एक हस्तलिखित आहे. त्यात नव्वदांहून अधिक कोडी आहेत, उत्तर एकाचंही दिलेलं नाही, आणि त्यातल्या एकाचं उत्तर बहुतेक पंडितांच्या मते बिचारा कांदा आहे. पण वाचणाऱ्याच्या मनात कांदा शेवटी येतो. ते हस्तलिखित त्या कॅथेड्रलला बिशप लिओफ्रिकने दिलं. बिशपमहाराज आणि माझी आजी एका ओटीवर बसले असते तर भाषेची अडचण फार वेळ टिकली नसती.

आजीची हुमाणं आज मी फळ्यावर लिहिली तर एक वेगळीच अडचण येते. कोडं पोरांना कळतं, उत्तर कळत नाही. दोन दगडांपैकी एक फिरतो, एक फिरत नाही, मधून पांढरा पाऊस पडतो, इथपर्यंत ती मोठ्या हुशारीने पोचतात आणि मग ‘जातं’ म्हटल्यावर विचारतात, “म्हणजे काय?” मग जातं समजावून सांगायला दुसरं कोडं घालावं लागतं. पाटा, मोट, कंदील, रहाट, टाक आणि दौत, सगळ्यांची तीच गत. उत्तरं आधी निघून गेली आणि कोडी मागे राहिली. यजमान गाव सोडून गेल्यावर दारातच घोटाळणाऱ्या मांजरांसारखी. म्हणून मी हट्टाने नव्या वस्तूंची कोडी करते. त्यांचीही पाळी येणारच. मोबाइलवर येणाऱ्या त्या सहा आकड्यांच्या ओटीपीवर माझं एक आहे:

सहा भावंडं सोबत येती, गुपित म्हणून जपायची;
दार उघडून घटकेत मरती, तिथी नाही पाळायची.

उद्या बँका चेहरा बघून दार उघडायला लागतील आणि ही सहा भावंडं जात्याच्या शेजारी जाऊन बसतील. तेव्हाच्या एखाद्या नातीला कुणीतरी समजावून सांगत असेल, अगं, पूर्वी माणसांना आकडे यायचे, आणि ते आकडे कुणाला सांगू नका असं सांगणारा माणूसच फोन करून ते विचारायचा. नात म्हणेल, हे कोडं आहे का?

कोड्याची अवघड-सोपी ही पायरीसुद्धा कोड्यात नसतेच मुळी. ती वाचणाऱ्याच्या खिशात असते. शाळेत असताना मी एका मासिकाला १५ पैशांच्या पोस्टकार्डावर कोडं पाठवलं होतं. लाल अंगरखा, उघडं तोंड, गावाची गुपितं पोटात, वाचता एक अक्षर येईना, किल्ली दुसऱ्याच्या हातात. उत्तर पोस्टाची पेटी, आणि ते कार्ड मी त्याच पेटीत टाकलं, याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. उत्तर नियमाप्रमाणे खाली उलटं लिहिलेलं. पण उघडं कार्ड ते, संध्याकाळी पोस्टमनकाका आमच्या फाटकाशी सायकल टेकवून म्हणाले, “बाय, ह्ये कोडं नाय, ह्ये माझं रोजचं काम हाय.” मासिकाने ते छापलं की नाही, आता आठवत नाही. काकांचं वाक्य आठवतं. दुनियेतली सगळी कोडी कुणाच्या ना कुणाच्या रोजच्या कामाची असतात.

लुईस कॅरॉलने तर उत्तराची कटकटच ठेवली नव्हती. १८६५ साली आलेल्या ‘अ‍ॅलिस’मध्ये वेडा टोपीवाला विचारतो की डोमकावळा आणि लिहायचं मेज यांच्यात साम्य काय, आणि शेवटी उत्तर आपल्यालाही ठाऊक नाही म्हणतो. वाचकांनी कॅरॉलचा इतका पिच्छा पुरवला की १८९६च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने एक उत्तर जुळवून दिलं, आणि हेही सांगून टाकलं की मुळात त्याला उत्तर नव्हतंच. तीस वर्षं लोक रिकाम्या जिन्याखाली शोधत होते. हा प्रकार मी कडक शब्दांत निषेधार्ह मानत असे. सध्या मानत नाही, आणि त्याला कारण आमच्या चौथ्या मजल्यावरची एक तिसरीतली मुलगी आहे.

तिने माझ्याकडे खडू मागितला आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, माझ्या जागेत, खुर्चीवर उभी राहून लिहिलं: ‘त्याला पाय आहेत पण ते बसलेलंच असतं. त्याला घरी जायचंय पण घर त्याच्या आतच आहे. कोण?’ यमक नाही, मात्रा नाहीत, दंडीने सोळांतही धरलं नसतं आणि चौदांतही. मी अनुभवाच्या जोरावर म्हटलं, “कासव.” ती म्हणाली, “कासव चालतं, आजी.” मी म्हटलं, “खुर्ची.” “खुर्चीला कशाला घरी जायचंय?” रात्री दिवा मालवला, आणि थोड्या वेळाने मी खरोखर उठून बसले. नवऱ्याने विचारलं, काय झालं? म्हटलं, “गोगलगाय?” तो म्हणाला, “झोप.” सकाळी जाऊन सांगितलं, तर गोगलगायीला एकच पाय असतो, असं तिने मला पुस्तक उघडून दाखवलं.

शेवटी मी हरले म्हणाले. ‘हरले म्हण, मग सांगते’ हा आजीच्या काळापासूनचा कायदा आहे. मुलगी जरा अवघडली. मग म्हणाली, “आजी, उत्तर मी अजून केलेलं नाही. सगळ्यांची येऊ देत. त्यातलं चांगलं असेल ते घेईन.”

आता फळ्याखाली कागद लावला आहे आणि उत्तरं येत आहेत. वॉचमनकाकांनी स्वतःचं नाव लिहिलं आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी ‘विरार फास्ट, सिग्नलला थांबलेली’ असं सविस्तर दिलं आहे. त्यांची पत्नी यावर काय म्हणते ते अजून कळलेलं नाही. सेक्रेटरींनी ‘आपल्या इमारतीचा पुनर्विकास’ असं लिहून खाली सही आणि शिक्का केला आहे. मी कासवच परत भरलंय, या वेळी ‘झोपलेलं’ अशी दुरुस्ती करून. निकाल शनिवारी आहे; त्यानंतर टाकी साफ करण्याच्या सूचनेला जागा हवी आहे म्हणे.